मूठभर हौस

ट्रेकला न्यायची सुरी दुकानात सगळ्यांना सारखीच मिळते. तिची मूठ मात्र फक्त तुमच्या हाताची होऊ शकते. तीही घरच्या बाल्कनीत, अवघ्या दोन वीकेण्डमध्ये!

मोबाइलचं कव्हर आपल्या पसंतीचं, लॅपटॉपवरचे स्टिकर्स आपल्या पसंतीचे, कॉफीच्या मगवर आपलंच नाव. हातातल्या प्रत्येक वस्तूवर आपला शिक्का हवा, हा आपल्या पिढीचा फंडा. पण शनिवारी पहाटे सॅक पाठीवर टाकून राजमाची नाहीतर हरिश्चंद्रगडाकडे निघताना त्या सॅकच्या कप्प्यात पडलेल्या सुरीकडे कधी नीट बघितलंय? काळी प्लॅस्टिकची मूठ, तीच सगळ्यांकडे. ग्रुपमधल्या चार जणांच्या सुऱ्या एका चटईवर ठेवल्या तर आपली कोणती हे ओळखायलाही वेळ लागावा!

ही सुरी म्हणजे रॅम्बोच्या कमरेला असते ती नव्हे. कॅम्पिंगची साधी, न मिटणारी सुरी. इंग्रजी कॅटलॉगात तिला ‘फिक्स्ड ब्लेड’ म्हणतात. खिचडीसाठी कांदा-टोमॅटो चिरायचा, टेण्टची दोरी कापायची, ओल्या लाकडाची वरची साल काढून आतली कोरडी ढलपी मिळवायची, झालंच तर काठीला टोक काढायचं. कामं एवढीच. पण ही सगळी कामं मूठ करते बरं का. पातं फक्त कापतं. जोर, दिशा आणि ताबा येतो तो मुठीतून.

आणि नेमकी तीच आपण जशी मिळाली तशी वापरतो.

मूठ का बदलायची?

पहिलं कारण अगदी सरळ आहे. कारखान्यातली मूठ ‘सरासरी’ हातासाठी बनते, आणि सरासरी हात कुणालाच नसतो. कुणाचा पंजा रुंद, कुणाची बोटं लांब, कुणाची नाजूक. मूठ फार जाड असेल तर पकड ढिली राहते. फार बारीक असेल तर हात जास्त आवळावा लागतो आणि पाच मिनिटांत मनगट भरून येतं. कडा नीट गोल केलेल्या नसतील तर अर्धा तास लाकूड तासल्यावर तळहातावर फोड ठरलेला.

दुसरं कारण जास्त गंभीर. मूठ चुकीची असेल तर हात पुढे सरकतो आणि पुढे धार असते. आपल्याकडचा ट्रेकिंगचा खरा सीझन पावसाळ्यातला. ओला हात, चिखल, त्यात गुळगुळीत प्लॅस्टिक. माझी एक मैत्रीण पुण्यात आयटी कंपनीत टेस्टिंगचं काम करते. जुलैतल्या एका ट्रेकला ओली नायलॉनची दोरी कापताना तिचा हात असाच मुठीवरून पुढे घसरला. तर्जनीला चार टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं आणि पुढचे दोन आठवडे नऊ बोटांनी टायपिंग! डॉक्टरांनी विचारलं, ‘सुरी फार धारदार होती का?’ ती म्हणाली, ‘धार ठीक होती हो, मूठच माझी नव्हती.’

तिने पुढे काय केलं ते सांगणारच आहे. आधी थोडं तंत्र समजून घेऊ.

शेपटी बघा, मग ठरवा

पात्याचा जो भाग मुठीच्या आत जातो त्याला ‘टँग’ म्हणतात. पात्याची शेपटीच म्हणा ना. ती दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात पोलादाची पट्टी मुठीच्या आकाराची, मुठीच्या शेवटापर्यंत आणि पूर्ण रुंदीची असते. तिच्या दोन्ही बाजूंना लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या बसवलेल्या असतात. ही ‘फुल टँग’. मूठ वरून बघितली की दोन पट्ट्यांच्या मध्ये पोलादाची रेघ दिसते. दुसऱ्या प्रकारात शेपटी निमुळती असते आणि मुठीच्या पोटात लपलेली असते. आपल्याकडचे लोहार विळ्याची शेपटी लालबुंद तापवून लाकडी मुठीत ठोकतात, तो हाच दुसरा प्रकार.

घरी पहिल्यांदाच प्रयोग करणार असाल तर फुल टँगच घ्या. त्यातही पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या असतील तर सोन्याहून पिवळं. स्क्रू काढा, नव्या लावा, नाही आवडल्या तर जुन्या परत! रिव्हेट असतील तर त्यांची डोकी ड्रिलने उडवून पट्ट्या सोडवाव्या लागतात. जमतं, पण धीर हवा.

स्वीडनमधल्या मोरा गावच्या स्वस्त आणि मस्त सुऱ्या जगभरच्या कॅम्पर मंडळींच्या लाडक्या. तिथल्या कंपनीचा इतिहास १८९१ पर्यंत मागे जातो. पण तिच्या ‘कम्पॅनियन’ मॉडेलची रबरी मूठ शेपटीभोवती साच्यात ओतलेली असते. ती काढायची म्हणजे कापूनच काढायची, परतीची वाट नाही. म्हणून पहिल्या प्रयोगाला ती नको.

साग, शिसव... की जुनी जीन्स?

आता खरी गंमत. मूठ कशाची करायची?

लाकूड म्हटलं की आपल्याला आधी साग आठवतो. पाण्याला तो उत्तम तोंड देतो, कापायला आणि तासायलाही सोपा. अडचण एकच, त्यात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे गोंद नीट धरत नाही. चिकटवण्याआधी पृष्ठभाग अॅसिटोनने पुसून घेतला की काम होतं. शिसव दिसायला राजेशाही, जड आणि टणक. तिचा भुसा मात्र काही जणांच्या त्वचेला आणि श्वासाला त्रास देतो, तेव्हा मास्क हवाच. आणि बाभूळ? तिला कुणी ग्लॅमरस म्हणत नाही. पण गावाकडे कुऱ्हाडीचा दांडा, बैलगाडीचे भाग आणि शेतीची अवजारं बाभळीची का करतात हे शेतकऱ्याला विचारा. चिवट, धक्का सोसणारी आणि जवळपास फुकट. सुताराकडे फर्निचरचे उरलेले तुकडे पडलेले असतात. चहा पाजा, एखादा तुकडा मिळून जाईल. फक्त लाकूड पूर्ण वाळलेलं हवं. ओलं लाकूड नंतर आक्रसतं आणि मूठ सैल पडते.

लाकूड नको असेल तर ‘मायकार्टा’ आहे. महागड्या परदेशी सुऱ्यांच्या जाहिरातीत हा शब्द हमखास दिसतो. नाव भारी असलं तरी मामला साधा आहे. कापडाचे किंवा कागदाचे थर रेझिनमध्ये भिजवून, दाबून केलेला फळा. आपल्याकडे इलेक्ट्रिकल पॅनेलसाठी जी तपकिरी ‘हायलम’ शीट मिळते ती याच घराण्यातली! मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात बोहरी आळीत चार दुकानं फिरलात तर हत्यारांपासून पितळी सळईपर्यंत सगळी खरेदी एका दुपारीत होते.

आणि ज्यांना हटके हवंय त्यांच्यासाठी खास डेनिमची मूठ. जुन्या जीन्सच्या पंधरा-एक पट्ट्या कापा. एकेक पट्टी इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवून एकावर एक रचा. खाली-वर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर दोन फळ्या, आणि क्लॅम्पने गच्च आवळून एक दिवस ठेवून द्या. दुसऱ्या दिवशी निळ्या-पांढऱ्या थरांची टणक वीट तयार. तासली की नकाशातल्या डोंगराच्या रेषांसारखे पट्टे उमटतात. कॉलेजात घातलेली जीन्स अशी सह्याद्रीत परत येते, आणखी काय पाहिजे?

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. जंगलात पडलेलं सांबराचं किंवा चितळाचं शिंग दिसलं की ‘काय सही मूठ होईल!’ असा विचार मनात येतो. ते आहे तिथेच राहू द्या. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली ते उचलून घरी आणणं तुम्हाला गुन्हेगार ठरवू शकतं.

शनिवार : कापा, भोकं पाडा, चिकटवा

सगळ्यात आधी पात्याला पुठ्ठा गुंडाळून वरून मास्किंग टेप लावा, चांगले तीन-चार वेढे. पुढचे दोन दिवस तुम्ही धारदार वस्तू उलटीकडून धरून जोर लावणार आहात. ही पायरी विसरणाऱ्याची आठवण बोटावर कायमची राहते.

जुन्या पट्ट्या काढल्या की शेपटी लाकडावर ठेवून पेन्सिलने आकार काढा. दोन पट्ट्या, प्रत्येकी साधारण ९-१० मिलिमीटर जाडीच्या, रेघेच्या थोड्या बाहेरून कापा. आतली बाजू एकदम सपाट हवी. त्यासाठी काचेवर किंवा किचनच्या ओट्यावर पॉलिश पेपर पसरा आणि पट्टी त्यावर घासा. (ओटा नंतर पुसा, नाहीतर प्रोजेक्ट तिथेच बंद पडेल!) पट्टी शेपटीला लावून उजेडासमोर धरा. मधून प्रकाश दिसला तर अजून घासा.

भोकं शेपटीत आधीपासून असतात, तीच वापरा. पोलाद कडक केलेलं असतं, घरच्या साध्या ड्रिलने नवं भोक पडत नाही, बिट मात्र जातं. शेपटी एका पट्टीला घट्ट धरून तिच्या भोकातूनच लाकडात ड्रिल घाला. एक भोक झालं की त्यात पिन अडकवा, मग दुसरं. अशाने भोकं हलत नाहीत. नंतर तसंच दुसऱ्या पट्टीला. ड्रिल करताना पोलाद हाताला चटका देईल इतकं तापलं तर थांबा. जास्त उष्णतेने पात्याचं पाणी उतरतं, म्हणजे धार टिकेनाशी होते.

आता ती टीप, जी बहुतेकांना उशिरा कळते. पट्ट्यांची पात्याकडची टोकं चिकटवण्याआधीच पूर्ण घासून, गोल करून, गुळगुळीत करून घ्या. एकदा चिकटवल्यावर तिथे कानस चालवली की पात्यावर ओरखडे आलेच म्हणून समजा.

मग चिकटवणं. शेपटी ८० नंबरच्या पेपरने खरवडा आणि अॅसिटोनने पुसा. त्यानंतर तिला बोट लावायचं नाही, बोटाचं तेलही पकड बिघडवतं. अॅरल्डाइट घ्या, पण पाच मिनिटांत सुकणारं नव्हे, साधं, सावकाश सुकणारं. घाईत चिकटवलेली मूठ घाईतच सुटते. दोन्ही ट्यूबचा माल सारखा घेऊन नीट मिसळा आणि पट्ट्यांना, शेपटीला, भोकांना, पिनांना, सगळीकडे लावा. पिनांसाठी पितळी सळईचे तुकडे झकास दिसतात. क्लॅम्प लावा, पण जीव खाऊन आवळू नका, नाहीतर सगळा गोंद बाहेर येईल आणि आत काहीच उरणार नाही. पात्याकडे ओघळलेला गोंद लगेच अॅसिटोनमध्ये बुडवलेल्या इअरबडने टिपून घ्या. आणि मग चोवीस तास हात लावायचा नाही. अगदी ‘जरा बघूया चिकटलंय का’ म्हणूनसुद्धा नाही!

खुंट्याची मूठ

आता त्या मैत्रिणीची गोष्ट. टाके निघाल्यावर तिने सुरी फेकली नाही, मूठ बदलायचं ठरवलं. लाकडासाठी ती आजोळी गेली तेव्हा पडवीत जातं दिसलं. वरची तळी तडकलेली, वर्षानुवर्षं पीठ न पाहिलेली. पण त्यातला लाकडी खुंटा शाबूत होता. आजीच्या आणि तिच्याही सासूच्या तळहाताने घासून काचेसारखा झालेला.

खुंटा कापायचा हे मामाला मुळीच पसंत नव्हतं. ‘आठवण आहे ती, सुरीला कसली लावतेस?’ घरात दोन तट पडले. निकाल दिला आजीने. म्हणाली, ‘आठवण म्हणता आणि दहा वर्षांत कुणी हात लावला नाही तिला. खुंटा हातात धरायलाच असतो. ने, कामाला लाव.’

खुंटा उभा चिरला की दोन अर्धगोल मिळतात. मुठीच्या दोन पट्ट्यांना हवा असतो तो हाच आकार! जाडी कमी करायची तर फक्त आतल्या सपाट बाजूने घासायचं. बाहेरची, हातांनी गुळगुळीत केलेली बाजू तशीच ठेवायची. तिने नेमकं हेच केलं. दोन पितळी पिना, वरून तेलाचे हात. तिची आधीची प्लॅस्टिकची मूठ ओल्या हातात निसटायची, हिला मध्यभागी फुगीरपणा आहे आणि पुढच्या टोकाला बोट अडेल असा उंचवटा तिने मुद्दाम ठेवलाय. सुरी तीच, पातं तेच. पण आता ग्रुपमध्ये कुणी ती मागितली तर ती म्हणते, ‘देते, पण परत हवी हं, आजीची आहे.’

रविवार : हाताला विचारा

गोंद सुकला की आकार द्यायचा. अर्धगोल कानस घ्या आणि थोडं घासा, हातात धरून बघा, पुन्हा घासा. इथे फुटपट्टीपेक्षा तळहात जास्त खरं बोलतो. तरी तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, मूठ धरल्यावर बोटांची टोकं तळहाताला जेमतेम टेकायला हवीत. टोकं तळहातात रुतत असतील तर मूठ बारीक, पोचतच नसतील तर जाड. दोन, काप गोल नको, अंड्यासारखा लांबट हवा. गोल मूठ हातात फिरते. लांबट असेल तर अंधारात, टॉर्च नसतानाही धार कुठल्या बाजूला आहे हे हाताला कळतं. तीन, बोटांसाठी खाचा पाडायचा मोह आवरा. दिसतात भारी, पण हात एकाच पकडीत अडकतो. कांदा चिरायची पकड वेगळी आणि लाकूड तासायची वेगळी.

मनासारखा आकार आला की ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, २२० आणि शेवटी ४००. पेपरची लांब पट्टी कापून बूट पॉलिश करतात तशी दोन्ही हातांनी ओढली की गोलाई छान येते. २२० नंतर लाकूड ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या. बारीक तंतू उभे राहतात, ते पुढच्या पेपरने निघून जातात. हे आत्ताच केलं नाही तर पहिल्या पावसात मूठ खरखरीत होते.

शेवटी तेल. घरात खोबरेल आहे म्हणून ते लावू नका, ते कधीच घट्ट सुकत नाही. जवसाचं, म्हणजे अळशीचं तेल हवेत हळूहळू सुकून लाकडात कडक थर तयार करतं. रंगाच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड’ तेल मिळतं, ते लवकर सुकतं. पातळ हात लावा, पंधरा-वीस मिनिटांनी जास्तीचं पुसून टाका, दुसऱ्या दिवशी पुन्हा. असे पाच-सहा हात, रोज ऑफिसमधून आल्यावर पाच मिनिटं. पुढच्या वीकेण्डपर्यंत मूठ तयार!

पण सावधान, त्या तेलाची फडकी चुरगळून डस्टबिनमध्ये टाकू नका. हे तेल सुकताना उष्णता बाहेर पडते आणि बोळ्यात साठून फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. फडकी पसरून पूर्ण वाळवा किंवा पाण्यात बुडवून मगच टाका.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी आणखी दोन शब्द. भुसा बाल्कनीतच करा, तोंडाला चांगला मास्क आणि डोळ्यांना गॉगल लावा. हायलम आणि डेनिमची धूळ लाकडापेक्षाही वाईट, ती पाणी लावून ओलीच घासा. आणि रविवारी दुपारी दोन ते चार ड्रिल बंद. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्रसिद्ध व्हायचं नसेल तर!

कायद्याचं भान

सुरी झाली म्हणून ती कमरेला लावून एफसी रोडवर फिरायचं नाही, बॉस. शस्त्र नियम, २०१६ मध्ये ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या किंवा उद्योगाच्या कामासाठी बनवलेल्या त्यातून वगळल्या आहेत. कॅम्पिंगला चार इंचांचं पातं पुरून उरतं, तेव्हा मोठ्याच्या मोहात पडूच नका. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली शहरात किंवा जिल्ह्यात वेळोवेळी मनाई आदेश निघतात, आणि त्या काळात सार्वजनिक ठिकाणी सुरी बाळगण्यावरही बंदी असू शकते. म्हणून निघण्यापूर्वी आदेश आहे का ते बघा. सुरी म्यानात, म्यान सॅकच्या तळाशी, आणि सॅक फक्त ट्रेकला. विमानाने जात असाल तर ती चेक-इन सामानातच.

ट्रेकहून आलं की...

बूट जसे न धुता कपाटात टाकत नाही, तशीच ही. पातं आणि मूठ धुऊन लगेच पुसा, ओल्या म्यानात ठेवू नका, बादलीत भिजत घालू नका. पावसाळा संपला की तेलाचा एक हात. पिनांजवळ किंवा पट्टी आणि पोलादाच्या मध्ये बारीक फट दिसली तर तिथे पाणी शिरून गंज धरतो. सुरी बाजूला ठेवा आणि आधी दुरुस्त करा. सैल मूठ ही बोथट धारेपेक्षा जास्त धोक्याची.

खर्च म्हणाल तर लाकूड, अॅरल्डाइट, पेपर आणि पितळी सळई मिळून मल्टिप्लेक्समधल्या एका पिक्चर-पॉपकॉर्नएवढा. ड्रिल आणि क्लॅम्प शेजारच्या काकांकडे असतातच, मागायला फक्त निमित्त हवं असतं. दिवसभर कीबोर्ड बडवून आपण जे तयार करतो ते रात्री सर्व्हरवर कुठेतरी जाऊन बसतं. ही एक वस्तू हातात राहते, पाऊस बघते आणि वापरून वापरून आणखी छान होते.

तर मग, या शनिवारी काय प्लॅन? सुताराकडे चहा घेऊन जा, बाकी तुमची मूठ सांगेल!